गाणी : पाहा मारामारी

सुतळी काकाजींना मारलं तेव्हा मी तिथंच होतो. वाचनालयाच्या आतल्या खोलीत, लोखंडी कपाटामागे, त्यांच्यापासून पंधरा-वीस पावलांवर. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गावाला माहीत आहे ते एवढंच, की काकाजी शिडीवरून पडले. पेपरातही तसंच आलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही, तेच ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी त्या मेलेल्या नवऱ्याला शिडीवर चढल्याबद्दल बोल लावत असतात. काकाजी त्या दिवशी शिडीवर चढलेच नव्हते.

काकाजी वर्ध्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. राहायला पवनारला, रोज सकाळच्या बसनं यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. वाचनालयातली प्रत्येक गोष्ट ते सुतळीनं बांधून ठेवायचे: जुने अंक, लग्नपत्रिका, बँडपार्ट्यांची हँडबिलं, जत्रेत विकायची गाण्यांची पातळ पुस्तकं, कॅसेटची खोकी. म्हणून सुतळी. ज्यांनी हे गठ्ठे पाहिले नव्हते त्यांना दिवाळीतला सुतळी बॉम्ब आठवायचा, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

कारण काकाजी मारायचे. वर्तमानपत्रं अडकवायला वाचनालयात लाकडी काठ्या असतात, तसली एक रिकामी काठी त्यांच्या टेबलावर कायम असे. थुंकी लावून पान उलटणारा सभासद दिसला की ते आवाज न करता मागून जात आणि बोटांच्या पेरांवर ती काठी बसे. एकदा हा प्रसाद एका निवृत्त तहसीलदारांना मिळाला. त्यांनी कार्यकारिणीकडे लेखी तक्रार केली. बैठकीत अध्यक्षांनी खुलासा विचारला, तर काकाजी उभे राहून म्हणाले, "साहेबाइच्या थुंकीत काय हाय ते मले मालूम नाई. पुस्तकात थुंकी नव्हती, एवढं मले मालूम हाय." प्रकरण मिटलं. तहसीलदार पुढे कोरड्या बोटांनी वाचू लागले.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चाळिशी ओलांडलेला, कॉलेजात मराठी शिकवणारा आणि पीएच.डी. रखडलेला माणूस होतो. विषय घेतला होता जिल्ह्यातल्या लोकप्रिय संगीताचा इतिहास: बँडपार्ट्या, ऑर्केस्ट्रा, कव्वालीचे मुकाबले, लग्नातली गाणी. नागपूरची दोन ग्रंथालयं पालथी घातली होती. घराणी मिळाली, राग मिळाले, थोर गायकांची चरित्रं मिळाली. आपल्याकडच्या वरातीत कोणतं गाणं वाजायचं, हे कुठंच नव्हतं. काकाजींच्या वाचनालयात मी चार दिवस संगीताच्या कपाटापुढे मांडी घालून बसलो. पाचव्या दिवशी पाठीत काठीचं टोक टोचलं.

"काऊन बे प्रोफेसर, काय शोधून राह्यला?"

मी विषय सांगितला.

"मंग इथं काऊन बसला? इथं समदे पद्मासनातले हायेत. तुही गाणी इथं नाई."

"मग कुठं आहेत, काकाजी?"

त्यांनी मला कार्डांच्या कपाटाशी नेलं. ग्रंथालयाची जुनी विषयवार कार्डं, लांबट खणांतली. 'ग'चा खण ओढून 'गाणी'चं कार्ड काढलं. त्यावर काकाजींच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती: गाणी : पाहा मारामारी.

मला वाटलं, म्हाताऱ्यानं थट्टा केली. त्यांनी 'म'चा खण ओढला. खण पूर्ण भरलेला होता, आणि त्याच्या खालचाही.

"शांतपणानं आयकलेल्या गाण्याची बातमी होत नाई," ते म्हणाले. "लोकाइनं गाणं आयकलं, टाळ्या वाजवल्या, घरी गेले, तर पेपरवाला काय लिहीन? पण कोनाचं डोकं फुटलं, तर गावाचं नाव येते, बँडचं नाव येते, अन् नशीब असलं तर गाण्याचंबी येते. जिथं रगत सांडलं, तिथंच पाह्य."

ही त्यांची रीत होती. चाळीस वर्षं त्यांनी स्थानिक पेपरांच्या बांधीव फायली चाळून वरातींतल्या, ऑर्केस्ट्रांतल्या, मुकाबल्यांतल्या मारामाऱ्या वेचल्या होत्या. कार्डाच्या पुढच्या बाजूला शाईनं बातमीचा गोषवारा, पेपरचं नाव आणि तारीख. मग ते त्या गावाला जात, मार खाल्लेला किंवा दिलेला माणूस शोधत आणि एकच प्रश्न विचारत: "तवा वाजून काय राह्यलं होतं?" उत्तर मागच्या बाजूला, पेन्सिलीनं.

मी त्यांच्याबरोबर पुष्कळ हिंडलो. कारंजा घाडगेच्या एका धाब्यावर आम्ही एका ट्रकड्रायव्हरला गाठलं होतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला होतं: 'ऑर्केस्ट्रात गोंधळ, काही जखमी'. त्या माणसाची डावी भुवई मधोमध तुटलेली. ऑर्केस्ट्रातल्या बाईनं एक गाणं दोनदा म्हटलं होतं, ड्रायव्हर मंडळींना ते तिसऱ्यांदा हवं होतं, बाई नाही म्हणाली. मग ट्यूबलाइटी फुटल्या, खुर्च्या उडाल्या, स्टेज खाली आलं आणि ढोलकीवाल्याचा हात त्याखाली सापडला. काकाजींनी प्रश्न विचारला. मारामारीबद्दल एक शब्द बोलण्याआधी त्या माणसानं डोळे मिटून ते अख्खं गाणं म्हटलं, मधल्या म्युझिकसकट. चहा गार झाला. काकाजी पेन्सिल चालवत होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "डोकं फुटलेला मानूस गाणं इसरत नाई. तुह्या नागपूरच्या लायब्रीत हाय का असा संदर्भ?"

गिरडच्या वाटेवरच्या एका खेड्यात एक म्हातारा कव्वाल भेटला, त्याची हार्मोनियम समोरच्या पार्टीनं कुऱ्हाडीनं फोडली होती. एका गावी वरातीतल्या दोन बँडांनी एकाच चौकात एकच गाणं वाजवलं, म्हणून ट्रॉम्बोननं दात पाडले गेले. काकाजी हे सगळं ऐकताना डोळे मोठे करत नसत, चुकचुकतही नसत. मारणाऱ्यालाही त्याच आवाजात विचारत आणि मार खाल्लेल्यालाही. एका मारणाऱ्यानं अभिमानानं दंड दाखवला, तेव्हा मात्र म्हणाले, "हात ठेव खाली. गाणं सांग."

त्या खणातलं पहिलं कार्ड त्यांचं स्वतःचं होतं. ते मला फार उशिरा कळलं. मोठ्या भावाच्या वरातीत, ऐन विशीत, काकाजींनी बँडमधल्या ताशेवाल्याला इतकं मारलं होतं की त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. कारण काय, तर ठेका त्यांना हवा तसा नव्हता. कार्डाच्या मागे लिहिलं होतं: 'मारणारा : मी. दारू प्यालेला नव्हतो.' खाली गाण्याचं नाव. काही वर्षांनी ते त्या ताशेवाल्याच्या घरी गेले, आपण कोण ते सांगितलं आणि दारात उभे राहिले. ताशेवाल्यानं त्यांना बसायलाही सांगितलं नाही आणि हाकललंही नाही.

"मंग?" मी विचारलं होतं.

"मंग काय? सांजेपर्यंत उभा होतो. तो मानूस आत जेवला, झोपला, उठला. मंग भाईर येऊन म्हणे, कोनतं गाणं होतं ते तरी आठवते का? म्या म्हटलं, आठवते. त्यानं चौकटीवर बोटाइनं ठेका धरून दाखवला. तीन बोटाइनं. म्हणे, बरोबरच वाजवत होतो मी."

मारामारीची कार्डं करण्याचा नाद तिथून लागला.

या कार्डांना एक नियम होता, आणि तो काकाजींनी मला पहिल्याच दिवशी काठी टेबलावर आपटून सांगितला होता. "पुढची बाजू लिहून घे. मांगची वाच अन् मनात ठेव. लोकाइनं ते मले सांगतलं हाय, कागदाले नाई." मागच्या बाजूवर तळाला सांगणाऱ्याचं नाव असे. ते का लिहिता, असं विचारलं, तर म्हणाले, "खोटं कोन बोललं ते मले समजलं पायजे ना!" पेन्सिल कशासाठी, ते मी विचारलं नाही.

आता त्या कार्डाकडे येतो.

समुद्रपूरकडचं एक गाव; नाव लिहीत नाही. पुढच्या बाजूला बातमी: वरातीच्या ट्रकवरून पडून क्लॅरनेटवादकाचा मृत्यू. मागच्या बाजूला मात्र ट्रकच नव्हता. वरात चालत होती. वाटेत एका घरी त्याच दिवशी मयत झालेली. आपल्याकडे अशा घरापुढून जाताना बँड थांबवतात, तसा बँड थांबला. नवऱ्या मुलाच्या चुलत्याला त्याच जागी गाणं हवं होतं. क्लॅरनेटवाला नको म्हणाला. त्याच्या तोंडात क्लॅरनेट कोंबून चुलत्यानं समोरून तळहाताचा तडाखा दिला. माणूस खाली पडला, मग लाथा. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. चुलता पुढे गावचा मोठा माणूस झाला.

हे सांगितलं होतं गॅसबत्तीवाल्या बाईनं. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बायकांपैकी ती एक. काकाजी तिच्याकडे चारदा गेले, तेव्हा चौथ्यांदा बोलली. त्यांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं: "उजेड माह्याच डोक्यावर होता, म्हणून मले दिसलं." ती बाई इतकी वर्षं त्याच चुलत्याच्या शेतात कापूस वेचायला जात होती.

मी त्या कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो काढला.

का काढला, तर आमच्या विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका सहकाऱ्यानं पुण्याच्या कुठल्या संग्रहातला जुना कागद टाकला होता, आणि त्याला सगळ्यांनी अंगठे दिले होते. मलाही दाखवायचं होतं की माझ्याकडे असं साधन आहे जे कुणाकडेच नाही. काकाजी चहाला उठले तेवढ्या वेळात मी फोटो काढला. तळाच्या दोन ओळींवर, म्हणजे तिचं वाक्य आणि नाव होतं तिथं, माझा अंगठा आला म्हणून दुसरा काढला. गडबडीत ग्रुपवर गेला तो पहिला, अंगठ्याचा. त्या बाईचं नाव माझ्या सावधपणानं बचावलं नाही, गडबडीनं बचावलं. तासाभरानं मला भान आलं आणि मी फोटो काढून टाकला, पण तोवर कुणीतरी तो पुढे पाठवला होता. माझं नाव त्यावर नव्हतं. काकाजींचं अक्षर होतं आणि वाचनालयाचा शिक्का होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते तिघं आले. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असे. काकाजी त्या वेळात मला आत बसू देत, ही मेहेरबानी आणखी कुणावर नव्हती. मी मागच्या खोलीत फायली पाहत होतो. दारावर धक्के बसले. काकाजींनी कडी काढली. चुलत्याचा थोरला मुलगा, त्याचा भाऊबंद आणि गाडीचा ड्रायव्हर. हे मला नंतर कळलं; तेव्हा कपाटांच्या फटीतून मला फक्त तीन पांढरे शर्ट दिसत होते.

थोरल्यानं मोबाइल काकाजींच्या तोंडासमोर धरला. "हे तुमचं अक्षर?"

"माहंच."

"खाली नाव हाय. अंगठ्याखाली. कोनाचं हाय?"

"फोटो कोनं काढला त्याले इचार."

"तुम्हाले इचारून राह्यलो, बुढ्या."

मग ड्रायव्हरचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. तिथं काकाजींच्या चपला होत्या आणि माझे बूट होते.

"हे बूट कोनाचे?"

काकाजी म्हणाले, "माहे."

"अन् चपला?"

"त्याबी माह्याच. एक पाय दुखला का दुसरं घालतो. तुह्या बापाचं काय जाते?"

पहिली थप्पड तिथं बसली. तिचा आवाज त्या बंद खोलीत पुस्तक पडल्यासारखा आला. चष्मा टेबलाखाली गेला. थोरला म्हणाला, "कार्ड काढा. अस्सल कार्ड. नाव दिसलं का आम्ही जातो."

काकाजी कार्डांच्या कपाटाशी गेले. 'म'चा खालचा खण ओढला. चष्म्याशिवाय त्यांनी ते कार्ड पहिल्या झटक्यात काढलं. कुठलं कार्ड कुठं आहे हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. क्षणभर ते कार्ड त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. मला वाटलं, आता देणार. त्यांनी ते दुमडलं आणि तोंडात घातलं.

जाड कार्ड होतं. ते चावायला वेळ लागतो. त्या वेळात त्या तिघांनी जे केलं ते मी सगळं ऐकलं आणि निम्मंशिम्मं पाहिलं. एकानं मागून हात धरले. ड्रायव्हरनं टेबलावरची काठी उचलली आणि जबडा उघडायला ती दातांत घातली. दात मोडल्याचा आवाज मला आजही ओळखता येईल. काकाजी चावत राहिले. तोंडातून रक्त आणि कागदाचा लगदा एकत्र येत होता आणि ते तो पुन्हा आत ओढत होते. काठी कानावर बसली. बरगड्यांत बुटाच्या लाथा. थोरला ओरडत होता, "थुंक! थुंक, हरामखोरा!" आणि मला, त्या कपाटामागे उभ्या असलेल्या मला, तेवढ्यातही थुंकीबद्दलची त्यांची शिस्त आठवली, याची मला लाज वाटते. मग ते गिळलं गेलं. त्यांच्या गळ्याची हालचाल मला स्पष्ट दिसली.

मी काय केलं, तेही लिहितो. मी पुढे झालो नाही. ओरडलो नाही. हातात मोबाइल होता, पोलिसांना लावला नाही. दुसरा फोटो, ज्यात त्या बाईचं नाव होतं, तो मी उडवला. एवढंच केलं. आणि तेही आधी तिच्यासाठी केलं की ते आत आले तर माझ्याजवळ सापडू नये म्हणून केलं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. माझ्याएवढ्या अंगाच्या माणसानं नुसतं दारात येऊन 'ए' म्हटलं असतं तरी कदाचित ते तिघं थांबले असते.

जाताना त्यांनी खण उपसून फरशीवर उलटे केले. मी बाहेर आलो तेव्हा काकाजी कार्डांच्या ढिगात एका कुशीवर पडले होते. त्यांनी मला पाहिलं. आधी विचारलं, "तुहा फोन पाह्यला तर नाव दिसते का कोनाले?"

"उडवलं, काकाजी."

"बस खाली."

मी बसलो. त्यांनी कोपरावर रेटा देऊन अंग उचललं आणि उरल्यासुरल्या जोरानं माझ्या थोबाडीत मारली. एकच.

"ही माही," ते म्हणाले. "बाकीच्या तुह्या वाट्याच्या होत्या. त्या म्या खाल्ल्या."

मग म्हणाले, "शिडी आन."

वरच्या फळ्यांसाठी बांबूची शिडी होती. ती मी आणली. त्यांनी सांगितलं तशी त्यांच्या शेजारी आडवी टाकली, वरच्या फळीवरची चार पुस्तकं काढून आजूबाजूला पसरली. मारामारी झाली असं निघालं तर कारण निघणार, कारण निघालं तर कार्ड निघणार, आणि कार्ड निघालं तर गावात बत्ती घेऊन चालणाऱ्या बाया मोजून चार. हे सगळं त्यांनी तशा अवस्थेत, तुटक तुटक, रक्त गिळत मला समजावलं. "मांगच्या दारानं जाजो. तू नागपूरले गेलता."

"तुम्हाला असं टाकून?"

"चपराशी चार वाजता येते. जाय."

आणि मी गेलो. हातात बूट घेऊन मागच्या दारानं गेलो, बसस्टँडवर आलो आणि खरोखर नागपूरच्या गाडीत बसलो, म्हणजे विचारलं तर तिकीट दाखवता यावं. घड्याळात तीनही वाजले नव्हते. एक तासाहून जास्त वेळ ते तिथं एकटे पडून होते. ते म्हणाले म्हणून मी गेलो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं असं, की ते म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

पोलिसांना त्यांनी जबाब दिला: शिडीवरून पडलो. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन इंचांची बातमी आली. डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं ते कायमचं. पुढचे दात गेले. दोन महिन्यांनी ते पुन्हा सकाळच्या बसनं येऊ लागले, काठीच्या आधारानं, मारायच्या नव्हे, चालायच्या.

आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते खोडण्याचं. टेबलावर खोडरबरांचा डबा ठेवला आणि मला बोलावलं. तेव्हा मला पेन्सिलीचं कारण कळलं. एकेक कार्ड ते उलटं करायचे, एकदा पूर्ण वाचायचे, मग माझ्याकडे सरकवायचे. मी खोडायचो. महिनाभर रोज दुपारी, दार बंद करून. कारंज्याच्या ड्रायव्हरचं गाणं मी खोडलं. फुटलेली हार्मोनियम खोडली. ट्रॉम्बोननं पाडलेले दात खोडले. एखादी ओळ खोडताना माझा हात थांबला की ते फक्त माझ्याकडे पाहायचे. रबराच्या काळ्या वळ्या रोज मुठीमुठीनं निघायच्या. या जिल्ह्यातल्या लोकांनी चाळीस-पन्नास वर्षांत काय ऐकलं आणि कशासाठी एकमेकांना मारलं, याचं इतकं खरं साधन दुसरं नव्हतं. ते मी माझ्या हातानं पुसलं, कारण ते माझ्या हातून सुरक्षित राहिलं नव्हतं. त्यांनी एकच कार्ड राखलं, स्वतःचं.

"याची मांगची बाजूबी लिहून घे," ते म्हणाले. "याले कोनाची परवानगी नाई लागत."

त्या महिन्यात त्यांनी मला रागानं एक शब्दही विचारला नाही. फोटो का काढला, हेसुद्धा नाही. एकदाच, शेवटचा खण संपत आला असताना, रबर झटकत म्हणाले, "प्रोफेसर, तू काही वाईट मानूस नाई. तुले घाई हाय." त्यांनी मला दोन थोबाडीत आणखी दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षाच्या आत ते गेले. मला पीएच.डी. मिळाली, कार्डांच्या पुढच्या बाजूंवर. प्रबंध चांगला आहे, असं परीक्षक म्हणाले. फक्त प्रत्यक्ष लोकांच्या आठवणी कमी पडल्या, असं एकानं लिहिलं. ऋणनिर्देशात काकाजींचं नाव पाचवं आहे, मार्गदर्शक आणि प्राचार्यांच्या नंतर. विद्यार्थी विषय घेऊन येतात तेव्हा मी त्यांना सांगतो, संगीताच्या कपाटात बसू नका, पेपरच्या जुन्या फायलींत मारामाऱ्या शोधा. त्यांना ही माझी रीत वाटते. मी दुरुस्त करतो, पण पुढचं सांगत नाही.

त्यांच्या वर्षश्राद्धाला मी दर वर्षी पवनारला जातो. काकू चहा देतात आणि भिंतीवरच्या फोटोकडे हात करून सुरू होतात. "साठी उलटून किती वर्सं झालती, सर, तुम्हीच सांगा. कोनं सांगतलं होतं चढाले? हाताखाली चपराशी होता. पन नाई, मीच चढीन! मेला हट्टी. दोन पुस्तकांपायी मले एकटीले टाकून गेला." एका वर्षी त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मले राग कायचा येते सांगू? पडला ते पडला. वरून मले म्हणे, पाय घसरला. तो मानूस कधी घसरला नाई हो. मले खोटं काऊन सांगतलं असन?" मी चहा संपवला आणि म्हणालो, "बांबू ओला असेल, काकू."

हो, असं मी म्हणालो.

इतकी वर्षं माझ्याकडे एक चांगलं कारण होतं. बोललो तर बत्तीवाल्या बाईचं नाव बाहेर येईल. गेल्या उन्हाळ्यात ती बाई वारली, आपल्या घरी, आपल्या खाटेवर. शेवटपर्यंत तिला कुणी काही विचारलं नाही. काकाजींनी जे गिळलं ते वाया गेलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. तो चुलताही आता नाही. माझं कारण संपलं, तरी मी सहा महिने गप्प राहिलो, तेव्हा मला कळलं की ते कारण तिचं कधीच नव्हतं.

हा मजकूर मी संपादकांकडे देणार आहे. तो छापून येण्याआधी मला पवनारला जाऊन काकूंसमोर उभं राहायचं आहे आणि सांगायचं आहे की तुमचा नवरा शिडीवरून पडला नाही. त्याला मारलं, माझ्यामुळे मारलं, आणि मी तिथं असून पुढे झालो नाही. मग वर्ध्याच्या पोलिस ठाण्यात तोच जबाब माझ्या सहीनं द्यायचा आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.